हंड्यातले पाणी आणि आमच्या कोळंब्या

“आमच्या अप्पांनी कोळंब्यांना तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजलं आणि सगळ्या एका दुपारीच स्वर्गाला गेल्या. आता दिसतात त्या नंतर आणलेल्या.”

आमची सूनबाई पाहुण्यांना ही कथा सांगते, मुलगा हसतो, आणि पाहुणे माझ्याकडे पाहून मनात माझे वय मोजतात. मी तंजावरकडच्या मराठी घराण्यातला. माझी भाषा जुनी असेल. स्मरण जुने झालेले नाही.

दिवाणखान्यातली पाणवनस्पतींची काचेची टाकी मुलाची. तो सकाळी शोळिंगनल्लूरच्या कचेरीत जाई तो अंधार पडल्यावर परते. तेव्हा तिची देखभाल माझ्याकडे आली. पाण्यातल्या रोपांवर हिरवे शेवाळ चढू लागले म्हणून त्याने काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या लहान कोळंब्या आणल्या. त्या दिवसभर पानांवरचे शेवाळ खरवडून खात. मुलाने एकच ताकीद दिली होती: तांबे त्यांना विष आहे, हंड्यातले पाणी टाकीत पडता कामा नये.

ती चेन्नईतल्या पाणीटंचाईची वर्षे होती. टँकर आला की घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवायचे. स्वयंपाकघरात प्लास्टिकची कुडमे, म्हणजे घागरी, आणि आमचा पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा एकाच ओळीत उभे असत. त्या दिवशी टाकीतले पाणी बरेच उतरले होते, म्हणून मी ताजे पाणी ओतले. जेवून येऊन खुर्चीत बसलो तो वाळूवर एक कोळंबी पांढरी पडून आडवी झालेली दिसली. लाकडाजवळ दुसरी. शेवाळ्यात आणखी. पानांवर हालचाल नव्हती.

मी घाबरलो, ते कोळंब्यांसाठी नव्हे. काही दिवसांपूर्वी माझ्याकडून गॅसवर दूध राहून गेले होते, आणि नातीला माझ्याजवळ ठेवावे की नाही, हे बोलणे भिंतीपलीकडून माझ्या कानांवर आले होते. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती माझी असे. मी स्वयंपाकघरात गेलो. हंड्यातले पाणी काठापासून बरेच खाली होते. पाणी आम्ही प्यायलो होतो, की मी ओतले होते? मी हातातले भांडे आठवू लागलो. ते नारिंगी होते, प्लास्टिकचे होते. पण जितके आठवावे तितका तो नारिंगी रंग तांब्याचा होत गेला.

सूनबाई शाळेत शिकवून आली, टाकीपाशी थबकली.

“अप्पा, हंड्यातलं ओतलंत?”

आयुष्यभर कोणाला वादात जिंकू न देणाऱ्या माझ्या तोंडून ‘नाही’ फुटेना. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“असू द्या. उद्यापासून तिला पाळणाघरात ठेवू. तुम्हालाही आराम.”

त्या हाताइतके मला कशानेच घाबरवले नाही.

तिने जाळीने पांढरी कलेवरे काढून कुंडीत टाकली. त्यातले एक मी स्टीलच्या वाटीत उचलून खिडकीशी बसलो. मुलगा नव्या कोळंब्या घेऊन आला, त्याने त्या टाकीत सोडल्या, आणि जुन्या-नव्याचा हिशेब तिथेच बुडाला. पुढे, आणल्या होत्या त्याहून जास्त दिसू लागल्या, तेव्हा दोघे म्हणाले, पिल्ले झाली असतील. तळहाताच्या रेषेत मावतील ती पिल्ले. ह्या तर पूर्ण वाढलेल्या होत्या. वाटी पुढे केली तर मुलगा म्हणाला, “वाळली असेल, अप्पा.” नात अजून पाळणाघरात जाते, आणि हंड्याला हात लावताना मी अजून दोनदा पाहतो.

तांब्याच्या पाण्यात कोळंबी मरते, हे मला मान्य आहे. मेलेली कोळंबी मागे आपला देह ठेवते. ताजे पाणी मिळाले की जिवंत कोळंबी कात टाकते आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत मुळांत दडून बसते. वाटीतल्या त्या पांढऱ्या गोष्टीला मी त्याच संध्याकाळी, ती ओली असतानाच, बोट लावले होते. पाठीवर एक स्वच्छ चीर होती, आणि आत कोळंबी नव्हती.