वाटाणा उपाशी राहिला तेव्हा

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीबुवांना स्वस्थ बसणं कसं ते ठाऊकच नव्हतं. बिघडलेलं उघडणार हे ठीक, पण हे चांगलं चाललेलंही उघडून बघायचे. बायको गेल्यापासून तर घरातलं एकही दार त्यांनी कुरकुरतं ठेवलं नव्हतं.

लेक महिनाभराच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली, तेव्हा तिनं आपला मासा त्यांच्या हवाली केला. पफर जातीचा, वाटाण्याएवढा, म्हणून नावही वाटाणा. टाकीत एकटाच, कारण सोबत्यांच्या शेपट्या कुरतडायची खोड. खाणार काय, तर जिवंत गोगलगायी. त्या शेजारच्या बरणीत वाढायच्या.

"बाबा, रोज दोन बारक्या टाकायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही," लेकीनं बजावलं.

पण ऐकतील तर ते बुवा कसले! उन्हानं बरणीचं पाणी तापतंय असं त्यांना वाटलं. लगेच दुकानातली तांब्याची नळी आणली, झकास वेटोळं करून बरणीत सोडलं आणि नळीतून थंड पाणी फिरवलं. स्वतःवर जाम खूश झाले. तिसऱ्या दिवशी सगळ्या गोगलगायी तळाशी, मेलेल्या.

मासे विकणाऱ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, तांबं म्हणजे त्यांना विषच." त्याच्याकडचा माल आठवड्यानं यायचा होता.

वाटाण्यानं कोरड्या खाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोठवलेल्या अळ्या तोंडात घेऊन थुंकल्या. चार दिवसांत पोट खपाटीला गेलं. बुवा टाकीपाशी बसायचे, उठायचे, परत बसायचे. गिऱ्हाइकाचा फ्रिज उघडायचा आणि आपण कशाला आलोय तेच विसरायचं, अशी गत झाली. कुणाच्या गच्चीवर कमळाचं पिंप दिसलं की गोगलगायींसाठी कोपरापर्यंत हात घालून चाचपायचे. हाती शेवाळ.

लेक रोज संध्याकाळी फोन करायची. "वाटाणा कसा आहे?" "बरा आहे." गोगलगायी मेल्यापासून तीन दिवस हेच.

आईच्या आजारपणातही ती वसतिगृहातून असंच विचारायची आणि बुवा असंच सांगायचे. पोरीचा अभ्यास बुडायला नको म्हणून. तिला खरं कळलं ते शेवटच्या दोन दिवसांत. त्यानंतर वर्षभर ती बापाशी कामापुरतंच बोलली. मासा सोपवला तेव्हा बुवांना केवढा आनंद झाला होता.

चौथ्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ते खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"वाटाणा कसा आहे?"

'बरा' अगदी ओठांवर आलं होतं. बुवा थांबले.

"बरा नाही गं. चार दिवस उपाशी आहे. माझ्याच हातून गोगलगायी मेल्या." मग नळीचंही सगळं सांगून टाकलं.

 

"माझ्या मैत्रिणीच्या टाकीत गोगलगायींचा नुसता सुळसुळाट आहे," लेक म्हणाली. "उद्या सकाळी आणून देईल. तोवर तग धरेल तो." मग, "आईच्या वेळीही असंच सांगायला हवं होतंत, बाबा."

"चुकलं माझं," बुवा म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले.

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.