नारळावरचा हात

मी घर सोडलं ते काही सातासमुद्रापार जायला नाही. शिरगावच्या पुढे खाडीच्या तोंडाशी आमचा पाडा. तिथून एसटीने पालघर, पालघरहून शटल, मध्ये एकटं उमरोळी, की आलं बोईसर. तरी आईने सुकट, जवळा आणि दोन चादरी अशा बांधल्या होत्या की पाहणाऱ्याला वाटावं, पोरगा आफ्रिकेला निघाला. "पोचलास का कळव," ती म्हणाली. बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. त्यांची सुई थांबली नाही. "शटल चुकंल," एवढंच म्हणाले. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी पाय जरासे पुढे केले, तोच निरोप. मला रडू आलं नाही. आलं नाही याचं तेव्हाही नवल वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

तुम्ही जे पाड्यावर राहिलात, त्यांना मी का गेलो ते ठाऊक आहे. माझ्यामागून जे बोईसरजवळ सालवडला खोल्या घेऊन राहिले, त्यांना वाटतं की मी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो. नोकरी होतीच, ती काही खोटी नाही. पण नोकरी नसती तरी मी गेलो असतो.

बाबा आमच्या पाड्याचे पाटील होते. म्हणजे सरकारी नव्हे, जातपंचांतले. कुणाचं डोलजाळं समुद्रात कुठे लागायचं, कुणी कुणाची दोरी कापली, हे सगळं त्यांच्यापुढे यायचं. आणि मी पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो. पाड्यावरचा पहिलाच. आम्हाला पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवणारे सर घाटावरचे, बारीक आवाजाचे, पण न्यायाचा विषय निघाला की अंगात यायचं त्यांच्या. न्याय म्हणजे मित्राचं भलं करणं आणि शत्रूचं वाईट करणं, असं ग्रीक संवादातला कुणी म्हणाला की दुसरा त्याला प्रश्न विचारून विचारून कसा गप्प करतो, ते सर दोन्ही बाजूंनी बोलून दाखवायचे. न्याय म्हणजे बळी तो कान पिळी असं म्हणणाराही एक होता, त्याचा आवाज ते मुद्दाम जाड काढायचे. एक ग्रीक म्हातारा तर असा की, तुरुंगातून पळून जायची सोय मित्रांनी करून दिली तरी पळाला नाही. ज्या गावाचं पाणी प्यायलो त्याचा कायदा मी न बोलता कबूल केलाय, म्हणाला, आणि विष प्यायला. मी हे ऐकून एसटीतून उतरायचो आणि आमच्या पंचांची बैठक पाहून मनात नाक मुरडायचो.

कारण आमच्या बैठकीत एक रीत होती. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची नाही, हा आमचा सगळ्यांत मोठा कायदा. कुणावर तो मोडल्याचा आळ आला तर आरोपीला काही विचारत नसत. त्याच्या रक्ताच्या माणसाला पुढे बोलवायचे, नारळावर हात ठेवायला लावायचे आणि पाटील विचारायचे, "तू पायलंस काय?" तो म्हणायचा, "नाय पायलं." मग आरोपी तोच नारळ समुद्राला द्यायचा आणि लोक चहा प्यायला उठायचे. लहानपणापासून मी हे दोनदा पाहिलं होतं. खोटं बोलणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्यांना मी नंतर मनातल्या मनात नमस्कार करायचं सोडून दिलं होतं. एवढा मी शिकलो होतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना पौर्णिमेच्या चार दिवस आधी पहाटे बंदरावर गेलो होतो, कशाला ते सांगायला नको. झुंजूमुंजू झालं होतं. नथूदादा, माझा सख्खा चुलतभाऊ, एकटाच होडी रेटत होता. वहिनी पाच दिवसांची बाळंतीण होती आणि तिच्या तोंडाला कालवणाशिवाय चव नव्हती. तो अर्ध्या तासात परत आला, टोपलीत सात-आठ बोयटं मासे असतील. त्याने मला पाहिलं, हसला, त्यातली दोन वर करून दाखवली आणि घरी गेला. मीही हसलो होतो. हे मला नीट आठवतं.

दुसऱ्या आळीतल्या कुणीतरी होडीचा ओला तळ पाहिला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. रक्ताचं माणूस म्हणून बाबांनी मला बोलावलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू पायलंस काय?" नारळाची शेंडी तळहाताला टोचत होती. माझ्या डोक्यात सरांचा तास चालू होता. मित्राचं भलं म्हणजे न्याय नव्हे. मी म्हणालो, "हो. मी पाहिलं." आमच्या बोलीत नाही, कॉलेजच्या भाषेत.

कुणी ओरडलं नाही. बाबांनी माझ्या हाताखालून नारळ काढून घेतला. आपलेच दात नि आपलेच ओठ, ते बोलणार तरी काय? साक्ष आली की पुढचं पाटलाच्या हातात नसतं. नथूदादाची होडी पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेपर्यंत काठावर राहील, असा निकाल त्यांनी दिला. आवाज नेहमीचाच होता. त्या रात्री मी शांत झोपलो. लाज वाटते सांगायला, पण अभिमान वाटत होता.

दसऱ्याला नथूदादा वेरावळच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. पहिले दोन-तीन महिने निरोप यायचे, मग थांबले. मग कळलं की त्याने तिकडे दुसरं घर केलंय. वहिनी पोरीला पाठीशी बांधून पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसू लागली. मी तिच्या दारावरून गेलो की म्हणायची, "भावजी, च्या घ्या." अगदी पहिल्यासारखं म्हणायची. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित राहिलो असतो. परीक्षा संपली तशी मी ट्रंक उचलली.

बोईसरला टाइम ऑफिसात लागलो. पंचिंग कार्डं, ओव्हरटाइम, शिफ्टचे तक्ते. हळूहळू कामगारांच्या चौकशीची स्टेटमेंटं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कुणी मशिनवर झोपला, कुणी सुपरवायझरची कॉलर धरली. चौकशी अधिकारी साक्षीदाराला विचारायचे आणि तो म्हणायचा, "नहीं साब, हमने कुछ नहीं देखा." बिहारचा असो, सोलापूरचा असो, उत्तर एकच. मी अक्षर न अक्षर उतरवून घ्यायचो आणि खाली सही घ्यायचो. सुरुवातीला वाटायचं की या वाक्याने आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. वीस वर्षांत किती वेळा लिहिलं असेल, हात आपोआप चालायचा. एका गोष्टीचा उलगडा मात्र तिथल्या खुर्चीत झाला: त्या ग्रीक म्हाताऱ्याने ज्याला न बोलता कबूल केलेला कायदा म्हटलं होतं, तो आमच्याकडेही होता. पाड्याने जन्मभर मला शिकवला होता. मी पाठ केला तो दुसऱ्यांचा.

लग्न झालं, एका खोलीच्या दोन झाल्या, गॅस आला, मुलगी कॉन्व्हेंटात जाऊ लागली. पाड्यावर जायचो तो मयताला किंवा लग्नाला, आणि शेवटच्या एसटीआधी निघायचो. एवढ्या सगळ्यात मी एका गोष्टीला धरून होतो. सगळा पाडा काही म्हणो, बाबांना तरी माहीत आहे की मी खरं बोललो. न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते कळणारच. ते माझ्याशी कमी बोलतात तो त्यांचा स्वभाव, असं मी बायकोला सांगायचो.

आई गेल्यावर दोन वर्षांनी बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आठ दिवस राहिले. डोळ्याला हिरवी पट्टी लावून ते दारात खुर्ची टाकून बसायचे, रस्त्यावरून शिफ्ट सुटल्याचे आवाज ऐकायचे. एका दुपारी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होतो. मान मागे टाकलेली असतानाच ते म्हणाले, "नथूची होडी मी बी पायली व्हती त्या दिशी."

मी बाटलीचं झाकण लावलं. "मंग तू का नाय बोललास, बाबा?"

"मी पाटील. मीच साक्ष दिली तर निकाल कोन देल?" मान तशीच मागे ठेवून म्हणाले, "म्हनून तर तुला उभा केला. दुसऱ्या कोनाला केला असता तर पिऊन काय बोलला असता, भरवसा नाय. तू माजा. म्हटलं, हा नाय म्हनंल, मला सांभाळंल."

दुसऱ्या डोळ्यात थेंब घालायचे राहिले होते ते घातले, पाच मिनिटं डोळे मिटून ठेव म्हणून सांगितलं आणि आत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. मला इतकी वर्षं वाटायचं की मी फक्त नथूदादाला बुडवलं. बाबांनी माझ्या तळहाताखाली नारळासोबत स्वतःलाही ठेवलं होतं, हे मला कुठल्याच सरांनी शिकवलं नव्हतं.

जाताना मी त्यांना बोईसर स्टेशनवर शटलमध्ये बसवलं, खिडकीशी. त्यांनी बाहेर हात काढून माझं मनगट धरलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "घरी येत जा," म्हणाले. "आता कोन काय ईचारनार नाय."

मी जाऊ लागलो. बाबा आहेत तोवर जायचं असं ठरवलं होतं, पण ते गेल्यावरही जातो. वर्षातून तीन-चार वेळा. सगळे प्रेमाने वागतात, ताटात मोठी तुकडी माझ्या वाट्याला येते. नवे पाटील माझ्याच वयाचे. अजून बैठका होतात, एखादी मी गेलो असतानाच बसते. मला ओट्यावर पहिल्या रांगेत जागा देतात, शिकलेला माणूस म्हणून. मग पाटील एकेकाचं मत विचारत येतात, माझ्यापाशी पोचतात, माझ्याकडे बघून मान हलवतात आणि शेजारच्याला विचारतात.