पिवळ्या कमरेचा वटवट्या

मुंबई विमानतळावर माझी बॅग दोन किलो जास्त भरली. मी कुकर काढून आईच्या हातात दिला, दुर्बीण ठेवली. "तिकडे डाळ काय दुर्बिणीत शिजवणार आहेस?" आई रडता रडता चिडली. अप्पा म्हणाले, "नेऊ दे गं. तेवढंच तिचं स्वतःचं आहे."

व्हिसावर 'डिपेंडंट' लिहिलं होतं. नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मी झूटरमेर या डच शहरात आले आणि नुसती निलेशची बायको झाले. लोक त्याला कामाबद्दल विचारत, मला रेसिपी. पहिला हिवाळा लायब्ररीतली पक्ष्यांची पुस्तकं वाचण्यात गेला. मग सायकल शिकले, डच शिकले आणि दर शनिवारी हार्लेमजवळच्या वाळूच्या टेकड्यांत पक्षी मोजणाऱ्या गटात जाऊ लागले. सगळे साठीपुढचे डच पुरुष. नोंदवही माझ्याकडे.

तीन वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका वादळानंतर, नारिंगी फळांच्या काटेरी झुडपात एक तपकिरी पक्षी दिसला. उडाला तशी कमरेवरची पिवळीधमक खूण चमकली. गटप्रमुख योस्ट म्हणाले, "सायबेरियातला वटवट्या. लिहून घे."

"नाही लिहिणार," मी म्हणाले. डच अडखळत होतं, पण थांबले नाही. "तो वजनाने याच्या निम्मा. त्याच्या डोक्यावर पिवळा पट्टा असतो. याच्या छातीवर रेघा आहेत, कुशी पिवळ्या आहेत. हा अमेरिकेतला."

"अख्खा समुद्र ओलांडून?" एकजण हसला.

"वादळात सापडला की येतो. तिकडे तो अगदी नेहमीचा पक्षी. मेणचट फळांतलं मेणसुद्धा त्याला पचतं. म्हणून त्याचे बहुतेक भाऊबंद थंडीत दूर दक्षिणेला जातात, तेव्हा हा फळांवर मागे तग धरतो. बघा, आत्ताही फळंच खातोय."

दोन तास आम्ही गारठत उभे होतो. शेवटी पक्षी उघड्यावर आला. योस्टनी फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि माझ्या हातातली वही घेतली. "नाव सांग. स्पेलिंगसकट."

"पक्ष्याचं?"

"ते येतं मला. तुझं. पहिल्यांदा तू ओळखलास."

तीन वर्षांत माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

चार दिवसांनी पक्षी दिसेनासा झाला. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. मी मात्र पुढच्याच वर्षी पक्षीगणनेच्या नोकरीसाठी अर्ज केला. आज तेच काम करते.

फोनवर वहिनी म्हणाली होती, "अगदी तुझ्यासारखाच गं, वाट चुकलेला." मी तिचं बोलणं तिथेच तोडलं. "त्याला वाऱ्याने आणलं, वहिनी. मी माझी आले."

गेल्या डिसेंबरात नाशिकहून निघताना आईने हातात डबा दिला. "नीट जा," म्हणाली.

"घरी पोचले की फोन करते," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. मलाही कळलं, काय बोलून गेले ते. पण तो शब्द मी मागे घेतला नाही.