माघारी गेलेले आहेर

शेवंताअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात दूधवाल्याशी हुज्जत घालत होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. दत्ता म्हणाला, "बाई, आई गेली. दूध तापवता तापवता खाली बसली, ती उठलीच नाही." मला रडू आलं नाही. मी विचारलं, "मामांना कळवलंस का?" तो म्हणाला, "कळवलंय. येतील का, ते काय सांगता येत नाही." अक्कांचा एकुलता एक भाऊ, पिंपरी पेंढारचा किसनमामा, बहिणीच्या मातीला येईल की नाही याची शंका पडावी, अशी वेळ आली होती. ती माझ्यामुळे आली होती. दत्ताला ते माहीत नव्हतं, आणि दीड महिन्यापूर्वीच्या त्या सकाळीही मी ते सांगितलं नाही.

मी मूळची पुण्याची. शिक्षिका म्हणून महाळुंगे पडवळला बदली झाली तेव्हा अक्कांच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली आणि अकरा वर्षं तिथंच राहिले. अक्कांना अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून आलेला कागद आधी माझ्याकडे यायचा. "बाईंनी वाचलं ना, मग खरं," हे त्यांचं ठरलेलं. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी टाकला नाही. दत्ताच्या बारशाला मी एक स्टीलचा कडीचा डबा दिला होता, मंचरहून माझं नाव घालून आणलेला. मी पुढं मंचरला घर बांधलं, तरी तो डबा आमच्या दोघींमध्ये फिरत राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती अक्का कधी कुरडया पाठवायच्या, कधी भाजलेल्या शेंगा, कधी काळा मसाला. मी त्यात लाडू नाहीतर निदान साखर घालून तो परत करायची. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवायचं नाही, ही शिस्त मला त्यांनीच लावली. एकदा मी नुसता घासून पाठवला, तर पुढच्या भेटीत म्हणाल्या, "आवं, एवढं शिकल्याली बाई तुमी, चिमूटभर साखर न्हाई व्हय घरात?"

गेल्या उन्हाळ्यात दत्तानं मंचरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्याची नोकरी चाकणला कंपनीत आणि पोरं मंचरच्या शाळेत, त्यामुळे त्याचंही चूक म्हणता येत नाही. गावातलं घर विकलं गेलं. पण अक्कांच्या भिंतभर फळ्यांवरच्या भांड्यांचं काय करायचं? परात, घागरी, डबे, तांबे... प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. नाव वाचता येत नसलं तरी भांडं हातात घेतलं की अक्का सांगायच्या, "ही आमच्या किसनाची परात. दत्ताच्या लग्नात मामाचा आहेर." दत्ता सगळं मोडीत घालायला निघाला होता. अक्कांनी जेवण सोडलं. मग त्यानं मला बोलावलं, कारण बाईंचं त्या ऐकतात!

ऐकलंच त्यांनी. त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओत एक बाई रोज येऊन सांगायची, वस्तूंत जीव अडकवू नका, मोकळ्या व्हा. मी तेच शहाणपण अक्कांपुढं पाजळलं. म्हटलं, "मोडीत नका घालू. ज्याचं नाव त्याच्या घरी नेऊन द्या. त्यांच्याकडे आठवण राहील, तुम्ही मोकळ्या." अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, आहेर कुणी माघारी देतं का? मान्सं काय म्हंतील?" मी म्हटलं, "अक्का, काळ बदलला. लोक आनंदानं घेतील." त्यांनी परातीच्या काठावरून हात फिरवला. "तुमी म्हंता तर..." एवढंच म्हणाल्या. आता वाटतं, तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दत्तानं मित्राचा टेम्पो मिळवला. मी नावं वाचत होते आणि अक्का प्रत्येक भांड्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालत होत्या. गावातल्या पहिल्याच घरी त्या घरच्या सुनेनं घागर दारातच घेतली आणि आत जाऊन सासूला म्हणाली ते आम्हांला बाहेर ऐकू आलं, "आपला आहेर माघारी आणलाय शेवंताबाईनी. आता संबंध न्हाई म्हना." मी अक्कांना म्हटलं, "अडाणी आहे ती, सोडून द्या." अडाणी कोण होतं ते दुपारी पिंपरी पेंढारला कळलं. किसनमामा ओसरीवर बसले होते. परात बघून उठून उभे राहिले. "अक्के, आमचं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई रं. नव्या घरात जागा न्हाई, म्हनून..."

"भावाच्या परातीला जागा न्हाई?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. तिथं मी बोलायला हवं होतं. मामा, ही अक्कल माझी आहे, त्यांनी नाही म्हटलं होतं, एवढी दोन वाक्यं. पण परक्याच्या ओसरीवर बाईनं स्वतःला मूर्ख कसं म्हणवून घ्यायचं? मूग गिळून बसले. मामांनी परात घेतली, भिंतीला उभी केली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. परतताना टेम्पोत अक्का एकच वाक्य बोलल्या, "भावानं च्या सुदिक इचारला न्हाई, बाई." मी म्हटलं, "कामात होते हो ते." उरलेली भांडी अक्कांनी कुठंच नेऊ दिली नाहीत. दत्तानं ती मोडीत घातली.

दिवाळीला मी फ्लॅटवर गेले, तर भाऊबीजेचं ताट ओट्यावर तसंच होतं. निरांजनातली वात कोरडी. अक्का गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या फाटकाकडे बघत बसल्या होत्या. "गाडी चुकली आसंल," म्हणाल्या. पिंपरी पेंढारहून मंचरला यायला अशी कशी दिवसभर गाडी चुकते? फोन करावा, जाऊन मामांचे पाय धरावेत, असं माझ्या मनात शंभर वेळा आलं. गेले नाही. उद्या जाऊ, संक्रांतीला जाऊ, असं करत करत मी माझा मान सांभाळला आणि अक्कांचं माहेर घालवलं. हे लिहिताना माझी कुणी समजूत घालू नये.

मामा मातीला आले. लांब उभे राहिले. दहाव्याला घाटावर गावातली मोजकीच माणसं होती. एके काळी त्या घरची पंगत उठायला दोन तास लागायचे! विधी झाल्यावर मी मामांच्या समोर गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. उपरणं डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "बाई, आता सांगताय व्हय? ती व्हती तवा सांगायचं."

तेराव्यानंतर दत्ताच्या बायकोनं, मनीषानं, मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याखालच्या कपाटातून माझा कडीचा डबा काढला. झाकणावरचं नाव निम्मं घासून गेलेलं. मी म्हटलं, "हा कसा राहिला? हाही द्यायचाच होता की त्या दिवशी."

ती म्हणाली, "मीबी इचारलं व्हतं. आई म्हनल्या, बाईंचा माघारी द्यायचा न्हाई. त्यान्ला वाईट वाटंल."

म्हणजे आहेर माघारी दिल्यावर माणसाला काय होतं, ते अक्कांना टेम्पो निघण्याआधी पक्कं माहीत होतं. माहीत असून त्या माझ्या शब्दाखातर भावाच्या दारात गेल्या. ज्या एका माणसाचं भांडं तोंडावर फेकायला हवं होतं, त्याचंच तेवढं जपून ठेवलं.

मनीषाला यातलं काही कळलं नाही. पोर साधी आहे. "तुमचं नाव हाये तर तुमीच न्या, आठवन म्हनून," असं म्हणत तिनं डबा विसळला, कोरडा पुसला, कडी लावली आणि माझ्या पिशवीत ठेवला. माझंच वाक्य होतं ते, आठवण म्हणून. नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

डबा आता माझ्या ओट्यावर आहे. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदाच रिकामा फिरला. पहिल्यांदा अक्का मला रागावल्या होत्या, आता रागवायलाही कुणी नाही. रोज सकाळी चहा ठेवताना हात लागतो, कडी वाजते.

माझाही आहेर माघारी आला, अक्का. लई वाईट वाटलं.