ब्रेकमास्तरांना आलेला वीट

मोटार शिकवण्याच्या शाळेत त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा पाय त्यावरून कधी उठत नसे. मीही त्यांच्याकडेच शिकलो. समोरचं कुत्रं मला दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "चला, पुन्हा पहिला गिअर."

असा सावध माणूस क्रेडिट कार्डाच्या फेऱ्यात सापडला. कार्ड त्यांचं, पण खर्च बराचसा धाकट्या भावाचा. धाकट्याचा पगार रोखीत, त्यामुळे त्याला बँक दारात उभं करत नव्हती. "दादा, तुझ्या कार्डावर घेतो, महिन्याच्या महिन्याला देतो," असं म्हणून त्याने आधी भिंतभर टीव्ही घेतला, मग मित्रांबरोबर समुद्रावर सहल केली, मग चांगला चालणारा फोन असताना दुसरा घेतला. सुरुवातीला एकदोन हप्ते दिले. पुढे नुसता गोड हसायला लागला. तेव्हा मास्तरांनीही रागाच्या भरात त्याच कार्डावर स्वतःसाठी अंग चेपणारी खुर्ची घेतली. सगळे मजा मारतायत, मग मीच काय घोडं मारलंय, असा तो राग.

बिल आलं की मास्तर किमान रक्कम भरायचे. बिलावर ती ठळक छापलेली असायची. तेवढी मागतात, तेवढी देतो, असा त्यांचा सरळ हिशेब. वर्षानुवर्षं त्यांनी एकही तारीख चुकवली नाही आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

मग एका बँकेच्या वसुली खात्यात काम करणारी एक बाई गाडी शिकायला आली. सिग्नलला गाडी उभी असताना मास्तरांनी सहज विचारलं, "मॅडम, मी किमान रक्कम वेळच्या वेळी भरतो. तरी बाकी हलत कशी नाही?"

ती आरशात बघत म्हणाली, "तुमच्यासारख्यांवरच आमचे पगार होतात, मास्तर. बुडवणारा आम्हाला नको असतो आणि झटकन फेडणाराही नको. तुम्ही भरता ते बहुतेक व्याजातच जातं. मुद्दल जागच्या जागी."

"मग फेडायचं कसं?"

"कार्डावर नवीन काही घ्यायचं नाही. आणि हातात जास्तीचे पैसे आले की तारखेची वाट न बघता लगेच भरून टाकायचे. जेवढं मुद्दल लवकर कमी, तेवढं व्याज कमी. यात गुपित काही नाही. सांगत मात्र कुणी नाही."

सिग्नल सुटला. तिने सफाईने गाडी काढली. नंतर मला मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं मी कुणाच्या तरी उष्ट्या ताटात जेवत होतो, असं वाटलं बघ."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी ती खुर्ची विका. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते." घ्यायला आलेला माणूस खुर्चीत बसला, डोळे मिटून मोठी ढेकर दिली आणि कवडीमोल भाव सांगितला. मास्तरांनी मुकाट्याने खुर्ची दिली आणि ते पैसे त्याच दिवशी कार्डाला भरले.

मग ते धाकट्याकडे गेले. तो टीव्हीसमोर पाय पसरून पायाची नखं कापत होता. तुकडे गालिच्यावर उडत होते. मास्तरांनी त्याच्या वाट्याचे पैसे मागितले. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "किमान भरत राहा ना दादा. अख्खं जग तेच करतं. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

नखाचा एक तुकडा मास्तरांच्या चपलेवर येऊन पडला. ते उठले. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मास्तरांनी मग रविवारचं काम धरलं. सहलीला जाऊन आलेल्या खासगी बस धुण्याचं. ओळखीच्या बसमालकाला सकाळची माणसं टिकत नव्हती, आणि का टिकत नव्हती ते आत शिरल्यावर कळायचं. सीटच्या फटीत दाण्याची टरफलं, खिडकीच्या रबरावर वाळलेली ओकारी, मागच्या बाकाखाली कुणीतरी गुंडाळून टाकलेला लहान मुलाचा लंगोट. चिकटलेलं च्युइंगगम सुरीने खरवडावं लागे. पहिल्या रविवारी मास्तर स्वतःच बाहेर जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत आत शिरले. मजुरी हातात आली की तिथूनच कार्डाला भरायचे. घरी नेली तर तिला पाय फुटतील, म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी मान वर केली तर बसच्या पायरीवर भावजय. हातात रबरी मोजे.

"दादा, पलीकडची बस कोण धुतंय?"

"तू इथे कशाला आलीस?"

"तो टीव्ही मीपण बघते."

"त्याला माहीत आहे?"

"विचारलं तर सांगेन. आज मी कुठे निघाले, हे त्याने विचारलेलं नाही."

मास्तरांनी तिला समजावून पाहिलं. तिने पदर खोचला आणि बादली उचलली. त्या दिवसापासून दोघं मिळून धुवायला लागले. मजुरी तीही मास्तरांच्या हातात ठेवायची.

धाकट्याला ते बाहेरच्या कुणाकडून तरी कळलं. तो तणतणत आवारात आला. बसच्या दारापर्यंत आला आणि वासाने नाकाला रुमाल लावून तिथेच थांबला.

"लोक काय म्हणतील? माझी बायको लोकांच्या ओकाऱ्या पुसते."

"तुझी सहल पुसतेय," ती म्हणाली. हात थांबला नाही. "आणि घरी गेलास की भिंतीकडे बघ. टीव्ही आज सकाळी विकला."

तो मास्तरांकडे वळला. "हे तू शिकवलंस हिला."

मास्तरांना वाटलं होतं, हा समोर आला की आपण बरंच काही बोलू. पण त्याचा तो रुमाल बघून त्यांना शब्दसुद्धा खर्चावासा वाटेना. ते फडकं पिळत म्हणाले, "बाजूला हो, पाणी जाऊ दे."

टीव्हीचे पैसे, दोघांची मजुरी आणि पगारातून उरेल ते, असं भरत गेल्यावर बाकी खरोखरच उतरायला लागली. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शेवटची रक्कम गेली. मास्तर कार्ड बंद करायला शाखेत गेले, तर काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, "सर, तुमचा रेकॉर्ड इतका सुंदर आहे की तुमची मर्यादा दुप्पट झालीये. आता कशाला बंद करताय?"

मास्तर त्याच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बंद झाल्याचं लेखी द्या." ते मिळेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. पाण्याचा ग्लास समोर आला, तो घेतला नाही.

भावजयीने काम सोडलं नाही. आता त्या मालकाच्या सगळ्या बस धुण्याचं कंत्राट तिच्याकडे आहे आणि हाताखाली दोन बायका आहेत. तिचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात. ती धाकट्याबरोबरच राहते, पण त्याच्या उधारीला जामीन राहत नाही. मास्तर तिच्या घरी जातात, दारात उभं राहून बोलतात आणि परत येतात. त्या गालिच्यावर बसायला अजून त्यांचं मन घेत नाही.