ओळ कुणी उचलायची

आई २०२० च्या सुरुवातीला वर्ध्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आली आणि विमानं बंद पडल्यामुळे दीड वर्ष राहिली. या काळात तिचे सगळ्यात जवळचे मित्र म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त मास्तर. रस्त्याच्या दोन कडांना उभं राहून दोघं गप्पा मारत. ते आयरिश इंग्रजीत, ती वऱ्हाडीत. कुणाचं काही अडत नसे.

एके दिवशी ती चकित होऊन आत आली. "या माणसाले कोनं सांगतलं, तुह्ये बाबा गातेत म्हून?"

मास्तर म्हणाले होते, ‘युअर मॅन’ एक ओळ गायचा आणि ती लोकांनी उचलेपर्यंत थांबायचा. बाबा वर्ध्याच्या भजनी मंडळात नेमकं हेच करतात. मी तिला समजावलं की इथे ‘युअर मॅन’ म्हणजे तुमचे यजमान नव्हेत, नुसता ‘तो गडी’. आणि हा गडी म्हणजे संपांत, युद्धविरोधी मोर्चांत गाणारा एक अमेरिकन लोकगायक. मास्तरांनी तरुणपणी त्याला डब्लिनमध्ये ऐकलं होतं. आई जराशी हिरमुसली. मग म्हणाली, "पन पद्धत तं आपलीच हाय."

२०२१ च्या उन्हाळ्यात बाहेर जमायची मोकळीक मिळाली, तेव्हा मास्तरांनी वसाहतीच्या हिरवळीवर त्या गायकाची गाणी गायचं ठरवलं. मला म्हणाले, "त्याची आठवण राहायची तर ती लोकांच्या तोंडात राहायला हवी. सगळे नुसते ऐकत बसले, तर मी पुन्हा गिटारला हात लावणार नाही."

रहिवासी समितीने हे ऐकलं आणि कार्यक्रमाला उंची द्यायचं ठरवलं. म्हणजे खुर्च्या आल्या, माइक आला, ‘वारसा’ या विषयावर तीन भाषणं आली. जन्मभर जमिनीवर उभं राहून गायलेल्या माणसाच्या गाण्यांसाठी व्यासपीठही आलं. तिसरे वक्ते लोकसहभागाचं महत्त्व सांगत होते, तेव्हा आम्ही लोक लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवर गप्प बसलो होतो.

मास्तरांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. लोकांनी अदबीने फोन वर केले आणि त्यांचं थांबणं रेकॉर्ड केलं. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा शांतता. मास्तरांचा चेहरा उतरला.

बुवांनी ओळ टाकावी आणि कुणी उचलू नये, हा आईच्या लेखी उघड अपमान. तिने टाळी धरली आणि कानावर पडली तशी ती ओळ खणखणीत म्हटली. त्यात इंग्रजी म्हणावं असं फारसं काही नव्हतं. माझी मुलगी "आजी, प्लीज" म्हणत खुर्चीत बुडाली. मग राहवेना, म्हणून आजीची चूक सुधारायला खरे शब्द मोठ्याने म्हणाली. तेवढं पुरलं. तिच्या वर्गातल्या दोघी लागल्या, मग त्यांचे वडील, मग मागची रांग. समितीच्या अध्यक्षांचेही ओठ हलू लागले, ठरावाला अनुमोदन द्यावं तसे सावधपणे.

तिसऱ्या कडव्याला मास्तर गायचे थांबले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं त्यांच्यावाचून चाललं होतं, बेसूर पण जोरात. आभार मानायला नेमलेल्या बाई कागद घेऊन दोनदा माइकपाशी आल्या आणि दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याही गात होत्या.