गोंडवस्तीचे नाकारलेले पाणी

मोहाच्या फुलांचा वास आला की आर्वीपलीकडच्या डोंगरातली ती गोंडवस्ती आठवते. पन्नासच्या दशकात आम्ही वर्ध्याचे चार शिक्षक तिथले जीवन पाहायला भर उन्हात बैलगाडीने गेलो होतो. वस्तीच्या म्हाताऱ्या प्रमुखाने प्रथम वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी पुढे केले. पाहुण्याने ते प्यायल्याशिवाय बोलणे सुरू करायचे नाही, हा त्यांचा रिवाज. आमच्यातले ज्येष्ठ गुरुजी "तहान नाही" म्हणाले आणि लगेच स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातले पाणी प्यायले. म्हातारा हसला. "आमच्याच पाण्याची तहान नाई का, गुरुजी? मंग आले काऊन?" त्याने तुंबा मातीत रिता केला, आणि एकेक दार बंद झाले. "गोंडांनी पाणीसुद्धा विचारले नाही," असे माझे सोबती मरेपर्यंत सांगत राहिले. ते धादांत खोटे आहे. पाणी चौघांनाही विचारले होते. माझा घसा कोरडा पडला होता, तरी मीही "नको" म्हणालो होतो.